पट्टीवरचे आम्ही तिघं

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. पण दिवा म्हटलं म्हणून फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. डाळीच्या दाण्याएवढी एलईडीची चिप ती काय! साडेतीन मिलिमीटर लांब, रुंदीला त्याहूनही कमी. एका पट्टीवर आम्ही तिघं शेजारी शेजारी. वीज एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जायची. त्यामुळे उजळलो तर तिघंही, विझलो तर तिघंही.

मला निवडलं ठकूनं. तिचे बाबा दिवे दुरुस्त करायचे. ठकू अंथरुणाला खिळलेली, उजेड तिच्या डोळ्यांना सोसेना. बाबांनी उशाशी तीन मापांचे दिवे मांडून एकेक लावून दाखवला. पहिला पाच मिलिमीटरचा, चौकोनी, ऐटबाज.

"हा डोळ्यांत घुसतो, बाबा."

दुसरा माझ्याहून थोडा मोठा, नव्या घडणीचा, दुप्पट लख्ख.

"हा ओरडतो." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हा हळू बोलतो. हाच लाव."

माझ्या उजेडात आईनं तिला कितीतरी गोष्टी वाचून दाखवल्या. औषध सांडलं की ठकू माझ्याकडे बोट दाखवायची, "यानं धक्का दिला." तो आळ मी आनंदानं घ्यायचो.

एका सकाळी तिचं अंथरूण गुंडाळलं गेलं. ते पुन्हा कुणी पसरलं नाही. मला विझवायला मात्र कुणाचा हात होईना. रिकाम्या कोपऱ्यात मी जळत राहिलो आणि घरात बोलणं म्हणजे नुसतं खेकसणं झालं.

"कप इथं कुणी ठेवला?"

"तुम्हीच. दुसरं आहे कोण?"

मग आमच्यातला मधला जळाला. तिघंही विझलो. आई पट्टी घेऊन बाबांच्या टेबलाशी गेली.

"एवढं लावून द्या."

"अगं, हे माप आता मिळत नाही."

त्यांनी मोठा दिवा बसवून पाहिला. पुन्हा पाहिला. बोट भाजलं.

"बसत नाही गं त्याच्या जागी."

"कसा बसेल?" आई म्हणाली. तिनं ते बोट हातात धरलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दोघं एकत्र रडली.

शेवटी बाबांनी रिकाम्या जागेवरून बारीक तार जोडली. आम्ही दोघं उजळलो, पण तिघांचा भार दोघांवर आला.

"तापणार हे आता," बाबा म्हणाले. "मंदच लावत जाऊ."

मित्रांनो, नवा मोठा दिवा आणा, असं येणारे-जाणारे त्यांना सांगतात. तुम्ही नका सांगू. कुठे दोघंच उरलेले, तापलेले दिसले, तर त्यांना जरा मंद जळू द्या.

आई रोज पट्टी पुसते. मधल्या जागेवरून तिचं बोट फार हळू फिरतं, जणू तिथं कुणी झोपलंय.