पावणेसात आणि साडेचार

जळगावच्या आयटीआयमध्ये मी दहा वर्षं पोरांना मीटर वापरायला शिकवते. त्यामुळे सोनगीरला घरी आबांचा रेडिओ उघडला, तेव्हा अर्ध्या तासाचं काम असंच वाटलं. तिसरा रविवार आला तरी रेडिओ मुकाच.

आबा म्हणजे माझे वडील. नरडाण्याला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. रेडिओच्या झाकणाच्या आत त्यांनी पेन्सिलीने जागोजागचं व्होल्टेज लिहून ठेवलंय. पहिल्या ट्रान्झिस्टरपाशी साडेचार लिहिलेलं आणि माझं डिजिटल मीटर दाखवत होतं पावणेसात. दोन पार्ट बदलले, तरी पावणेसातच. मग मनात आलं, आबाच चुकले असतील. शेवटी शेवटी त्यांचे हात थरथरायचे, नजरही अधू झाली होती. पण आबा आणि चुकीचा आकडा, हे मला सहन होईना.

त्यातून एक जुनी सल होती. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना डिजिटल मीटर आणून दिलं होतं आणि तोऱ्यात म्हटलं होतं, "आबा, तुमचं काट्याचं मीटर खोटं बोलतं, फेकून द्या ते." नवा खोका त्यांनी न उघडताच गुपचूप अवजारांच्या पेटीत ठेवून दिला.

शेंगा फोडता फोडता आई म्हणाली, "आकडा त्यासना शे ना बाई? मंग त्यासनंच मीटर लाव ना."

आकडा आबांचा, तर मीटरही आबांचंच हवं! मी कपाळावर हात मारला. अहो, हे मी पोरांना दुसऱ्याच तासाला शिकवते! काट्याचं मीटर ज्याला मोजतं त्याच्यातलाच थोडा करंट स्वतःसाठी ओढून घेतं, म्हणून नाजूक जागी आकडा खाली येतो. डिजिटल मीटरचा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा आतला अडथळा, एवढा मोठा, की ते जवळजवळ काहीच ओढत नाही.

पेटीतून आबांचं काट्याचं मीटर काढलं, त्याच जागी प्रोब टेकवले. काटा उठला आणि साडेचारवर थांबला. आबा चुकले नव्हते. मला रडू आलं.

ती जागा ठणठणीत होती तर दोष पुढे असणार. शोधलं, तर स्पीकरची तार आतून तुटलेली. सोल्डर केली आणि आकाशवाणी जळगाव लागलं. आई हात पुसत जवळ येऊन बसली.

मीटर परत ठेवताना पेटीतला तो खोका हाताला लागला. त्याची चिकटपट्टी कापलेली होती. आत माहितीपत्रकावर आबांचं थरथरतं अक्षर होतं: "ज्योत्स्नाच्या मीटरवर पावणेसात. आपल्यावर साडेचार. दोन्ही बरोबर. पोरगी दिवाळीला आली की असं का ते विचारायचं."

त्या दिवाळीला मी आले नव्हते. सुट्टी होती, तरी जळगावलाच राहिले.

आबा, आता आले आहे. विचारा ना.