दिवसाआडचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनं, निळं प्लॅस्टिकचं पिंप आहे. हडपसरच्या एका गल्लीत राहतं. कारखान्यात मी तेल साठवलं. पुढे भंगारवाल्याकडून सरुबाईंनी मला आणलं आणि राखेने घासघासून पाण्याला बसवलं.

यंदा धरणात पाणी कमी, म्हणून नळाला दिवसाआड पाणी सोडायचं ठरलं. पाणी वाचावं, हा हेतू. पण ते ऐकताच सरुबाईंनी आणखी पिंपं आणली. सांगितलेल्या दिवशी पाणी आलंच नाही तर? घरोघरी हाच संशय. नळ आला, की माझ्यातलं उरलेलं स्वच्छ पाणी ‘शिळं’ म्हणून मोरीत ओतलं जाई आणि मला पुन्हा काठोकाठ भरत. फार वाईट वाटे.

गल्लीच्या टोकाला रझियाबी राहतात. सरुबाई म्हणाल्या, "तिनं चोरून मोटर बसवली हाय. म्हणून आपली धार बारीक."

वरच्या खोलीत भाड्याने राहणारी कादंबरी अर्थशास्त्र शिकते. ती म्हणाली, "मावशी, चला, बघूनच येऊ."

सरुबाई तावातावाने गेल्या. परतल्यावर दोघींच्या बोलण्यातून मला कळलं. मोटर नव्हतीच. नळ कोरडा होता. रझियाबींची सून अफशीन ओल्या फडक्याने तान्ह्या बाळाला पुसत होती.

"पाणी कमी केलं, तशी भीती वाढली," कादंबरी म्हणाली. "भीतीने सगळ्यांनी जास्त भरलं, जास्त ओतलं. टोकाला उरणार काय?"

"मी न्हाय ओतलं, अन् बाकीच्यांनी ओतलं तर? मीच येडी ठरायची!"

"खरंय. म्हणून एकट्याने नको. पाण्याच्या दिवशी सगळ्यांनी झाकणं उघडी ठेवायची. कुणीही येऊन डोकावावं, जुनं पाणी ओतलं नाही ना ते बघावं."

गल्लीने कुरकुरत मान्य केलं. पुढच्या पाण्याला सरुबाई घराघरांत डोकावून आल्या. रझियाबी माझ्यात डोकावल्या. परवाचं उरलेलं पाणी तसंच होतं. वर थोडीच भर घालून सरुबाईंनी नळ बंद केला. थोड्या वेळाने टोकाकडून अफशीन ओरडली, "अम्मी, पाणी आलं!"

संशय पुरता गेलेला नाही. सरुबाई अजून दर खेपेला शेजारी डोकावतातच.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठं होऊन नियम करणार असेल, तर माझी विनंती ऐका. कमी द्यायची वेळ आली तर द्या, पण कधी देणार ते सांगा आणि तेव्हाच द्या. घाबरलेलं माणूस वाचवत नाही, साठवतं.