जोडीने आलेली पाती

परदेशी कात्र्यांवर सरकारने जकात वाढवली, तेव्हा नवऱ्याला कारखान्यातून परत बोलावणं येणार, अशी तिने मनाशी खूणगाठ बांधली. तो पाती जुळवायचा. एकेक पातं हातोडीने किंचित वाकवून त्याच्या जोडीदाराशी जमवायचं, हे त्याचं काम. बाहेरच्या स्वस्त कात्र्या आल्या आणि तो घरी बसला.

बोलावणं आलं नाही, कारखान्यात परदेशातून खोकी आली. त्यांत सुटी पाती होती. सुट्या पात्यांवर जकात नव्हती. कारखान्यात जोडणीच्या टेबलावर तिलाच काम मिळालं आणि ती दिवसभर त्यांचे स्क्रू आवळू लागली.

पाती दोन-दोन करून दोऱ्याने का बांधलेली असतात, हे तिला कळेना. एकदा काही दोरे सुटले, पाती सरमिसळ झाली आणि त्या कात्र्यांनी कागद कापायचा सोडून चावला. मुकादमाला विचारून तिने एक जोडी घरी नेली.

नवऱ्याने पातं दिव्याखाली तिरपं धरलं. "भोकाभोवती घासलंय बघ. ही जोडून, चालवून, मग उघडलीत."

"कशाला पण?"

"जकातीसाठी. तिकडे लग्न, हद्दीवर काडीमोड, इकडे तुझ्या हातून पुन्हा लग्न." तो हसला, पण पातं खाली ठेवेना. "हात छान आहे हो याचा. हातोडीच्या खुणांवरून डावखुरा वाटतो."

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या साहेबांनी जोडणीवाल्यांच्या वतीने सही करायला तिच्यापुढे कागद ठेवला. 'पात्यांची जुळवणी याच कारखान्यात होते.' अकरा वाजता जकातीचा अधिकारी येणार होता; पाती तिकडेच जुळवलेली ठरली, तर त्यांवर कात्रीची जकात बसणार होती.

"सही नसेल तर जोडणी बंद," साहेब म्हणाले. "बाराजणींचं काम आहे."

"कर गं बाई," शेजारची कुजबुजली. "घरात कमावती तू एकटी."

तिने कागद दोनदा वाचला. "जुळवणी म्हणजे काय, साहेब?"

"हेच. स्क्रू आवळणं."

"त्याला आवळणं म्हणतात. जुळवणारा माझ्या घरी बसलाय. सही केली तर त्याचं काम इथे चालूच आहे असं होईल, मग त्याला कोण बोलावणार?"

"मग काय करू म्हणता?"

"पाती न जुळवलेली मागवा. त्याला बोलवा. मग हे वाक्य खरं होईल."

"माल यायला महिना लागतो."

"तसं लिहा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, 'होते' खोडून 'होणार आहे' केलं आणि कागद पुन्हा सरकवला.

"कधीपासून, तेही," ती म्हणाली. तिने अजून पेनाचं टोपण काढलं नव्हतं.

साहेबांनी महिन्यानंतरची तारीख घातली, शेजारी स्वतःची सही केली. मग तिने केली.