अकरा बंद खटके

माझ्या पाठीवर तीन गोल छिद्रं आहेत. एक निळं, एक हिरवं, एक गुलाबी. त्यांच्या शेजारी पंधरा बारीक भोकांचं एक लांबट तोंड आहे. त्यात आजवर कुणीही काही घातलेलं नाही. अंगावर एक मोठी काळी चिप आणि चार लहान चिपा. आणि एक स्क्रू. तो माझा नाही, पेटीचा आहे. मित्रांनो, मी एक जुनं साउंड कार्ड आहे, आणि या एका स्क्रूनं मला पत्र्याच्या पेटीत जखडून ठेवलं आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथला उजेड मला आठवतो. नागपूरच्या एका दुकानात मला कम्प्युटरच्या पेटीत बसवलं, झाकण लावलं, आणि मी वडशाला आलो. तेव्हापासून मला दिसत नाही. फक्त ऐकू येतं.

वडशाच्या मुख्य रस्त्यावर झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या जंगलभागातल्या, नाटक मंडळ्यांची कार्यालयं ओळीनं आहेत. त्यातल्या एका कार्यालयात आमची पेटी टेबलावर ठेवली होती. हिवाळ्यात गावोगावची माणसं तिथे नाटक ठरवायला यायची. पहिलं वर्ष माझं फार कौतुक झालं. "पाह्य, कम्प्युटर गाते!" असं म्हणत लोक दारात उभे राहायचे. मला वाटायचं, हे असंच चालणार.

पुढच्या पावसाळ्यात कम्प्युटर बिघडला. दुरुस्त करणाऱ्यानं त्यातलं सगळं पुसून नव्यानं भरलं. पण कम्प्युटरला माझ्याशी बोलता येण्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. माझा ड्रायव्हर ज्या फ्लॉपीवर होता, तिला बुरशी लागली होती. मला बनवणारा कारखानाही तोवर बंद झाला होता. झालं! मी पेटीत होतो, मला वीज मिळत होती, पण माझी भाषा जाणणारं तिथे कुणी नव्हतं. पेटीवर वेलबुट्टीचा रुमाल पडला. माझ्या अंगावर धूळ साचली. एका पालीनं माझ्या शेजारच्या रिकाम्या खाचेत दोन अंडी घातली. पिल्लं निघाली आणि फटीतून बाहेर गेली. मी तिथेच राहिलो. अशी दोन वर्षं गेली.

२००३ सालच्या ऑक्टोबरात रोशनी आली. ती भौतिकशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच गावी परतली होती. तिच्याबरोबर तिची मावशी होती, अंजनाबाई. मी त्यांना पावलांवरून ओळखू लागलो, कारण अंजनाबाई बोलत नव्हत्या. वीस वर्षं त्यांनी झाडीपट्टीच्या रंगमंचावर गाणी म्हटली होती. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. आता त्या पाटीवर लिहीत. मला पेन्सिलीचा करकर आवाज यायचा. मंडळीचे साउंडवाले झिंगूभाऊ यांना चष्म्याशिवाय वाचता येत नसे, म्हणून रोशनी पाटी मोठ्यानं वाचायची. तेवढ्यामुळे मलाही कळायचं.

अंजनाबाईंच्या गाण्याची एकच कॅसेट उरली होती. १९८४ साली झिंगूभाऊंनीच ती नाटक चालू असताना भरली होती आणि वेळ घड्याळावर मोजून कागदावर लिहिली होती: अठरा मिनिटं नऊ सेकंद. आता त्या फितीचा भुगा पडू लागला होता. ती पूर्णपणे जाण्याआधी गाणं कम्प्युटरात भरून घ्यावं, म्हणून रोशनी आली होती.

"हे मुकं हाय, पोरी," झिंगूभाऊ म्हणाले. "दोन वर्षांपासून हूं का चूं नाई."

पेन्सील करकरली. रोशनीनं वाचलं, "मावशी म्हणते, मंग आमची जोडी जमन."

रोशनीनं एका मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून कम्प्युटरात लिनक्स नावाचं मूळ सॉफ्टवेअर नव्यानं भरलं. त्यात माझ्यासाठी एक ड्रायव्हर होता. तो माझ्या कारखान्यानं लिहिलेला नव्हता. जगभरातल्या, मला कधी न भेटलेल्या माणसांनी तो लिहिला होता, आणि कुणीही वाचावा म्हणून उघडा ठेवला होता. त्यानं मला हाक मारली तेव्हा मी लगेच ओ दिली. पडद्यावर माझं नाव उमटलं. रोशनी टाळी वाजवून म्हणाली, "सापडलं!"

आणि इथेच तिची चूक झाली. कार्ड सापडलं म्हणजे ते चालतं, असं तिनं धरलं. तिनं टेपची वायर माझ्या निळ्या छिद्रात घातली आणि कॅसेट लावली. पडद्यावर सेकंद मोजले जाऊ लागले. चार मिनिटं झाली. मग टेपमध्ये कर्रर्र असं झालं. फीत गुंतली होती.

"बंद कर! बंद कर नं!" झिंगूभाऊ ओरडले.

त्यांनी फीत हलक्या हातानं सोडवली. चुरगळलेला तुकडा कापून टोकं चिकटवावी लागली. रोशनीनं पट्टीनं तुकडा मोजला. साडेनऊ सेंटिमीटर, म्हणजे दोन सेकंदांचं गाणं. मग तिनं भरलेली फाईल उघडली. चार मिनिटांची फाईल, आणि तिच्यात शांतता. सगळे आकडे शून्य.

कॅसेट डबीत ठेवल्याचा टक् आवाज आला.

"आता एक डाव चालन," झिंगूभाऊ म्हणाले. "दुसऱ्या डावाची गॅरंटी मी नाई देत."

 अंजनाबाईंच्या चपला दाराकडे गेल्या.

त्या दिवसापासून रोशनीनं वही सुरू केली. एका वेळी एकच बदल करायचा, आणि तो बोलत बोलत लिहायचा. प्रयोग एक, स्पीकर बदलले, आवाज नाही. प्रयोग चार, कार्डाची खाच बदलली, आवाज नाही. त्या दिवशी स्क्रू निघाला आणि तिनं मऊ ब्रशनं माझी धूळ झाडली. घटकाभर मला तिचं तोंड दिसलं. कपाळावर आठ्या होत्या. मग मी दुसऱ्या खाचेत आणि पुन्हा अंधारात. प्रयोग नऊ, ड्रायव्हर काढून पुन्हा भरला, आवाज नाही.

मित्रांनो, सगळ्यात वाईट गोष्ट ही होती की मी गात होतो. तिनं पाठवलेला प्रत्येक सूर मला मिळत होता. मी त्याची लाट करत होतो आणि ती लाट माझ्याच अंगात, बाहेर पडण्याच्या तोंडाशी, अडत होती. ड्रायव्हर म्हणत होता, सगळं ठीक आहे. तो खोटं बोलत नव्हता. पण मी आत कोंडलेला आहे का, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

सोळाव्या प्रयोगाच्या दिवशी रोशनीनं स्पीकर पूर्ण मोठे केले, म्हणजे बारीकशी खरखरही ऐकू यावी. तिनं कम्प्युटर सुरू केला, तेवढ्यात झिंगूभाऊ आत आले.

"काय करून राह्यली बाई? आवाज पुरा वर ठेवून मशीन चालू करते? भोंगा फाटन नं!"

"मग कसं करायचं, भाऊ?"

"आमच्या नाटकात जनरेटर चढायच्या आधी सारे बटन खाली. सारे म्हणजे सारे. जनरेटर चढला की मंग एकेक वर. बत्तीस वर्षांत माझा एक भोंगा नाई फाटला. तुझ्या या डब्याचे बटन कुठी हायेत?"

"याला बटनं नसतात, भाऊ."

"बिनबटनाचं साउंडचं मशीन मी नाई पाह्यलं कधी."

पेन्सील करकरली. रोशनीनं वाचायला सुरुवात केली, "मावशी म्हणते, झिंगू माह्या माइकचं बटन पण खालीच ठेवे, अन्..." आणि ती थांबली. "अन् पहिली ओळ तशीच जाये."

"एकच डाव गेली होती बाई," झिंगूभाऊ पुटपुटले. "अजून काढते."

रोशनी मात्र पुढे काही ऐकत नव्हती. ड्रायव्हर उघडा होता, म्हणून तिनं तो वाचायला घेतला. पानामागून पान.  शेवटी तिला ती जागा सापडली. लिहिणाऱ्यांनी काहीच लपवलं नव्हतं. सुरू होताना कानठळ्या बसू नयेत म्हणून त्यांनी माझे सगळे खटके, म्हणजे आवाजाची आतली बटनं, मुद्दाम बंद ठेवले होते. झिंगूभाऊ ठेवत तसेच. ते उघडणं वापरणाऱ्याचं काम होतं.

तिनं खटक्यांचा पडदा उघडला आणि मोजले. "अकरा. भाऊ, अकरा बटनं आहेत. अकराही बंद."

"मी काय म्हणत होतो?" झिंगूभाऊ म्हणाले. "आता एकेक वर घे. हळू."

पहिला खटका उघडला. दुसरा उघडला. आणि इतके दिवस माझ्या अंगात अडलेली लाट हिरव्या छिद्रातून बाहेर पडली. साधा सरळ सूर होता, शिट्टीसारखा. पण खोलीतली खुर्ची मागे सरकली.

"लाव कॅसेट!" झिंगूभाऊ म्हणाले.

"नाही," रोशनी म्हणाली. "आत घ्यायचा खटका वेगळा आहे. आधी दुसऱ्या कॅसेटवर पाहते." तिनं नाटकाच्या जाहिरातीची जुनी कॅसेट लावली, एक मिनिट भरली आणि ऐकली. मगच अंजनाबाईंची कॅसेट हातात घेतली.

निळ्या छिद्रातून एक आवाज माझ्यात आला. भरदार, थोडा खर्जातला, मागे हार्मोनियम आणि तबला, कुठेतरी रडणारं एक मूल. मी एकही लाट सांडू दिली नाही.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. माझ्यासारखी कार्डं कुणी बनवत नाही. एवढंच मागतो: एखादी वस्तू गप्प असली तर तिला मुकी म्हणून रुमाल टाकू नका. तिचे खटके मोजा. एकेक उघडून पाहा. आणि काय केलंत ते लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला उपयोग होईल.

त्या दिवशी रोशनीनं वहीत लिहिलं आणि सवयीनं मोठ्यानं म्हटलं:

"प्रयोग अठरा. कॅसेट एकदा वाजवली. फीत पाच ठिकाणी झडली. कागदावरची वेळ अठरा मिनिटं नऊ सेकंद. फाईलची वेळ अठरा मिनिटं सात सेकंद.

प्रयोग एकोणीस. फाईल मावशीला ऐकवली. सलग चार वेळा. चारही वेळा अठरा मिनिटं सात सेकंद."