मधल्या पिकअपच्या दोन तारा

माझ्या हातून चूक होत नाही, हे आमच्या घरात मीच ठरवून टाकलं होतं. आमचे हे गेल्यापासून तेरा वर्षं मी दुकानामागच्या खोलीत बसून गिटारींच्या वायरी जोडते. मुलगा पुढे गिऱ्हाईक बघतो, सून माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायची. शाळा माझी चौथीत सुटली. पण पांढरी वायर कुठली आणि काळी कुठली, हे कळायला शाळा लागत नाही, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. हल्ली ऐकवत नाही.

याला कारण एक गिटार, गिटारीची शिकवणी घेणाऱ्या एका बाईंची. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारांखाली तीन पिकअप असतात. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढे; त्याची टोकं दोन तारांनी बाहेर येतात, एक पांढरी, एक काळी. वरची वाजवायची तार हलली की हा चुंबक ती ऐकतो आणि पुढे सांगतो. कुणाचं ऐकायचं ते एक फिरवायचा स्विच ठरवतो. त्याला पाच घरं. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या घरात एकेक पिकअप एकटा बोलतो, दुसऱ्या आणि चौथ्यात दोन मिळून. बाईंनी जुने पिकअप काढून नवे बसवायला दिले होते आणि काम सुनेनं केलं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत तिनं एकटीनं केलेलं ते पहिलंच काम.

मागचं झाकण लावायचं तेवढं राहिलं होतं. सुनेची दाढ ठणकत होती, म्हणून ती डॉक्टरकडे गेली. जाताना म्हणाली, "आई, पाचही घरं वाजवून बघितलीत. चार स्क्रू पिळायचेत फक्त."

मी पिळायला घेतले आणि आत डोकावले. डोकावल्यावाचून कशी राहीन? मधल्या पिकअपच्या तारा उलट्या! आमच्याकडे पांढरी स्विचवर जाते आणि काळी आवाजाच्या बटणाच्या पाठीवर. यांनी मला तसंच शिकवलं, मी तिला तसंच शिकवलं. हिनं काळी स्विचवर नेलेली. वर त्या दोन तारांना पिवळी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर काहीतरी खरडलेलं. चष्मा पुढे गल्ल्यावर राहिला होता. उठून आणायचा कंटाळा केला. खरं सांगायचं तर कंटाळाही नव्हता. सुनेनं लिहिलेलं मी काय वाचायचं, असा ताठा होता. पट्टी ओढून काढली, सोल्डरिंग गन तापवली, दोन्ही तारा आमच्या रीतीप्रमाणे केल्या, स्क्रू पिळले. वाजवून बघितलं नाही. मी केलेलं काम तपासायचं असतं का? मनात मात्र बरं वाटलं. म्हटलं, बघा, अजून माझ्यावाचून अडतंच.

सून आली तेव्हा तिचा अर्धा गाल बधिर होता. तिला काही बोलले नाही. तिला उगाच वाईट वाटायला नको, असा मोठेपणा मी स्वतःलाच देऊन टाकला.

गिटार नेल्याच्या तिसऱ्या दिवशी बाई दुकानात आल्या त्या तणतणतच. भरल्या सभागृहात त्यांनी हळुवार गाण्याला स्विच दुसऱ्या घरात नेला आणि गिटार नाक दाबून बोलल्यासारखी वाजली. चौथ्या घरातही तेच. पुढच्या रांगेतली त्यांचीच विद्यार्थिनी हसली म्हणे.

"कुणी केलं हे?" बाईंनी विचारलं.

"मी," सून म्हणाली.

"मग तुम्ही गिटारीला हात लावू नका. तारा विका, पट्टे विका. हे काम तुमचं नव्हे."

मी दारात उभी होते. दुसऱ्या आणि चौथ्या घरात बिघाड म्हटल्याबरोबर मी मनात हिशेब मांडला. एकटा पिकअप ठीक, दोन मिळाले की आवाज मरतो, म्हणजे दोघं एकमेकांच्या उलट ओढताहेत. म्हणजे सुनेनं तारा चुकून उलटवल्या नव्हत्या, जाणून उलटवल्या होत्या. हे मला त्या क्षणी कळलं. तोंड उघडायचं ते तिथंच. पण मुलगा बघत होता, बाई बघत होत्या.

मुलगा म्हणाला, "आई बघेल. आईच्या हातचं काम आहे, आता काळजी नको."

मी गिटार आत नेली आणि मीच केलेलं उलटं परत सुलटं केलं. पाच मिनिटं लागली. बाईंनी वाजवून बघितलं, चेहरा खुलला. "आजी, तुमच्या हाताला तोड नाही हो!" कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून सून पुढे गल्ल्यावर बसू लागली. कुणी सांगितलं नाही, आपणच. पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, "अगं, ये आत, एक स्विच बदलायचाय." तर म्हणाली, "तुम्हीच करा. मी मीटर लावून बघितलं होतं, पाचही घरं वाजवली होती. आणि तरी चुकलं. मग मी जे बघते ते बरोबर कशावरून?" जेवताना मिठाचा डबा हातात घेऊन दोनदा चव घेताना तिला बघितलं. साखर तर नाही ना म्हणून!

एक आठवडा गेला, दुसरा गेला. सांगायला जाई आणि भलतंच बोलून येई. "भाजी अळणी झालीय." "केस बांध." एकदा तर तिला ओरडलेच, की एका चुकीनं एवढं तोंड पाडून काय बसायचं. हे मी बोलले. मी!

तिसऱ्या आठवड्यात मुलाकडून कळलं, की गिटारी बनवणाऱ्या एका कारखान्यानं तिला कामाच्या परीक्षेला बोलावलंय. अर्ज तिनं महिन्यापूर्वी केला होता, मला न सांगता. परीक्षा उद्या सकाळी.

"जाणार नाही म्हणते," मुलगा म्हणाला. "बरंच झालं म्हणा. तुलाही सोबत."

मलाही क्षणभर तसंच वाटलं, हे लपवत नाही. त्या क्षणाची मला उरलेल्या सगळ्याहून जास्त लाज वाटते.

मी तशीच पुढे गेले. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, "ती चूक तुझी नव्हती. तू गेल्यावर मी तारा फिरवल्या."

तिनं वर बघितलं आणि हसली. "आई, राहू द्या. माझी समजूत काढायला तुम्ही स्वतःवर घेताय ते कळतं मला."

आता हे काय! जन्मात एकदा चूक कबूल करायला गेले तर कुणी घेईना.

"समजूत काढायला मी काय तुझी मावशी आहे? खरं सांगतेय."

"तुमची चूक? तुमची?"

मुलगाही आतून हसत बाहेर आला. म्हणाला, "आई, तुला नाही जमायचं खोटं बोलायला."

मग मी म्हटलं, "मधल्या पिकअपला पिवळी चिकटपट्टी होती. वर पेननं लिहिलेलं. मी ओढून काढली."

ती हसायची थांबली. पट्टीबद्दल तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"काय लिहिलं होतं?" तिनं विचारलं.

"वाचलं नाही."

"'आई, हा पिकअप उलट्या वेढ्यांचा आहे. मीटरचा काटा उलटा जातो. तारा अशाच ठेवा.' मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. तुम्हाला चष्म्याशिवाय दिसावं म्हणून."

मुलगा आत निघून गेला.

"बरं, तारा फिरवल्यात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पण त्या बाई मला बोलत होत्या तेव्हा तुम्ही दारात होतात."

"होते."

"तेव्हा कळलं होतं?"

"होतं."

"आणि तीन आठवडे मी मीठसुद्धा चाखून घालतेय."

माफ कर म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाली, "मला नका सांगू. बाईंना सांगा." आणि नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

बाईंना मी सगळं सांगितलं. मध्येच अडखळले, पण सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे मी तिला नको ते बोलले."

"हो. आणि मी ते उभी राहून ऐकलं."

सून समोरच उभी होती. फोन घेतला, बाईंशी दोन शब्द बोलली, ठेवला. मग आत गेली, काट्याचा मीटर काढला आणि कपाटातले सुटे पिकअप एकेक करून तपासत बसली. स्क्रूड्रायव्हर चुंबकाला टेकवायचा, उचलायचा, काटा कुठे उडतो ते बघायचं. संध्याकाळपर्यंत तेच. दाराशी मी दोनदा गेले. तिनं मान वर केली नाही.

सकाळी ती परीक्षेला गेली. त्यांनी तिला घेतलं. पहिल्या तारखेपासून जायचंय. हे तिनं नवऱ्याला सांगितलं, मला भिंतीपलीकडून ऐकू आलं.

माझ्याशी कामापुरतं बोलते. "चहा ठेवलाय." "गोळी घ्या." मुलगा म्हणतो, आई, तू जरा पुढाकार घे, ती निवळेल. मी त्याला म्हटलं, तू यात पडू नकोस. तिला राग धरायचाय तितके दिवस धरू दे. मी शेजारचं स्टूल पुसून ठेवते आणि माझं काम पाचही घरांत वाजवून बघते, मोठ्यानं, म्हणजे तिला पुढे ऐकू जाईल. काल चौथ्या घरात आवाज बारीक आला. मी पुढे जाऊन म्हटलं, "माझं काहीतरी चुकलंय, बघतेस का?"

"हे गिऱ्हाईक झालं की," ती म्हणाली.

मी वाट बघत बसले.