तीन पावलं मागं

लग्न होऊन या घरात आल्यापासून शालूबाई नवऱ्याच्या तीन पावलं मागं चालत आली. सासू तशीच चालायची, गावातल्या साऱ्या जावा-नणंदा तशाच चालायच्या, तेव्हा त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. कृष्णात फौजेत हवालदार. सुट्टीवर आला की विट्याच्या बाजाराला असा ताठ निघायचा, की जणू बाजारात त्याची सलामी घ्यायला कुणी उभंच आहे. मागं शालूबाई, काखेत लहानगा रविराज, डोक्यावर पाटी, अर्धी चालत, अर्धी पळत. "हवालदारीण परेडला निघाली," असं म्हणून बायका तोंडाला पदर लावायच्या. कृष्णातनं कधी मागं वळून बघितलं नाही. तिच्या काचेच्या चुड्याचा आवाज कानावर आला की त्याला पुरायचं.

तो पेन्शनीत आला, दोघांचे केस पिकले, तरी चाल तीच राहिली. तीन वर्षांपूर्वी मळ्याच्या वाटेवर शालूबाईचा पाय त्याच्या टाचेवर पडला आणि त्याची चप्पल निघाली. "डोळं फुटलं का गं?" तो खेकसला. ती ओशाळली. चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपण काही पुढं सरकलो नाही, हेच मागं राहायला लागलेत. कुणापाशी न बोलता तिनं आपलं पाऊल आखूड केलं. पुढं तो जसजसा मंदावला, तसतशी तीही मंदावली.

विसरणं मागाहून आलं. मोटर बंद करायचं राहू लागलं, मग सख्ख्या भावाचं नाव येईना ओठावर, मग जेवलो का नाही ते कळेना. एकदा विट्यात औषधाच्या दुकानापुढं गर्दी बघून ती झटकन पुढं गेली. परत येऊन बघते तर कृष्णात भर रस्त्यात उभा, तोंड मागं वळवलेलं, दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजताहेत. "ही कुठं गेली? मागंच हुती की," तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होता. त्या दिवसापासून ती पुढं गेली नाही. तिची पावलं आणि चुडा मागं वाजला तर तो चाले, नाहीतर थांबे. बाकी संसार तिनं चोख ठेवला होता. दोन म्हशी, उसाच्या पाण्याची पाळी, त्याच्या सकाळच्या तीन आणि रात्रीच्या दोन गोळ्या, यातलं एक कधी चुकलं नाही. पण चोख चाललेलं घर कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

रविराजच्या तर नाहीच. त्याचं सेलमला गलाईचं दुकान. सोनं वितळवून शुद्ध करायचं, त्यातला कण कुठं जातो त्यावर डोळा ठेवायचा, यात त्याची हयात चाललेली. वर्षातून दोनदा गावी यायचा. यंदा दिवाळीला आला आणि अंगणात बघतो तर आबा मोरीची वाट शोधताहेत आणि आई त्यांच्या मागं एक एक पाऊल टाकत सरकते आहे. त्यानं दुसऱ्याच दिवशी दोघांना गाडीत घातलं आणि विट्याला मंगल कार्यालयात म्हाताऱ्यांच्या तपासणीचं शिबिर होतं, तिथं नेलं.

कार्यालयाच्या फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या दोन रेघा मारल्या होत्या. मधे चार मीटर. नर्स तरुण होती, बोलायला चांगली होती, पण तिच्या टेबलाशी चाळीस माणसांची रांग होती. वेळ वाचावा म्हणून तिनं नवराबायकोला एकदमच समोर घेतलं. "पाच शब्द सांगते, शेवटी परत विचारीन. विहीर, कुलूप, लिंबू, घोडा, पाटी. आता या रेघेपासून त्या रेघेपर्यंत चालायचं. रोज चालता तसंच चाला."

कृष्णात जागचा हलेना. "चला, मी हाय मागं," शालूबाई म्हणाली, तेव्हा तो निघाला. नर्सनं घड्याळ दाबलं. नऊ सेकंद, जिथं धडधाकट माणसाला चार-पाच पुरतात. मग शालूबाईची पाळी आली. ती उभी राहिली तसा कृष्णातही उभा राहिला आणि सवयीनं तिच्या पुढं चालू लागला. एवढ्या माणसांत नवऱ्याला ओलांडून कसं जायचं? ती तीन पावलं मागंच राहिली, रोजच्यासारखी. नर्सची मान कागदात होती. तिनं घड्याळ दाबलं. दहा सेकंद. घड्याळाची काही चूक नव्हती.

"आता शब्द सांगा, आजोबा."

कृष्णातनं आधी छताकडं बघितलं, मग हातांकडं, मग शालूबाईकडं. साऱ्या आयुष्यात त्यानं तिच्याकडं असं बघितलं नव्हतं. मग एकाएकी तो ताठ झाला आणि आपला फौजेतला नंबर त्यानं खणखणीत आवाजात सांगितला, एक आकडा न चुकता. रांगेतली दोघंतिघं हसली. कृष्णातची मान खाली गेली.

"आजी, तुम्ही सांगा."

पाचही शब्द शालूबाईच्या जिभेवर होते. शेजारी तो बसला होता, मान खाली घालून.

"मला बी न्हाई आठवत," ती म्हणाली.

"वय झालं बाई आमचं," असं म्हणून कृष्णातनं मान वर केली आणि तो थोडासा हसलाही. त्या हसण्यापुढं शिबिरातल्या कागदाची तिला काडीची किंमत वाटली नाही. तिथंच ती फसली.

डॉक्टरांनी रविराजला बाजूला घेऊन सांगितलं. चाल मंदावणं आणि आठवण जाणं ही दोन्ही एका माणसात आली, की धोका वाढतो, अशी माणसं फार वर्षं काढत नाहीत बहुधा. यांच्यात तर दोघंही सारखेच दिसतात, कुणी कुणाला सांभाळायचं? ही नुसती पहिली चाचपणी आहे, पुढच्या तपासण्या नीट करून घ्या. रविराजनं पुढच्या तपासण्यांचं तेवढं ऐकलं नाही. त्याला शनिवारी सेलम गाठायचं होतं.

घरी आल्यावर सोप्यात बसून त्यानं कागद उघडला. "तुमाला हितं ठेवता येत न्हाई. सांगलीला सोय बघितलीया."

"मी बघती की त्यांचं. मला समदं येतंय," शालूबाई म्हणाली.

"आई, तुला तसं वाटतंय. ह्या दुखण्यात माणसाला आपण बरं हाय असंच वाटतं. हे बघ, लिवलंय."

आता ती जितकी बरी असल्याचं सांगेल तितकी ती आजारी ठरणार होती. खरं काय ते सांगायला तिला पोरगा घटकाभर एकटा हवा होता, आणि कृष्णात तर तिच्यावाचून पाणीही पीत नव्हता. तो समोरच बसलेला, कागदाकडं टक लावून. तिनं त्याच्या रात्रीच्या दोन गोळ्या काढल्या. आठ दिवसांत म्हशी गेल्या, रान चुलतभावाला कसायला दिलं, घराची किल्ली अकरा वर्षांच्या बोलीवर कोंबडीखाद्याच्या व्यापाऱ्याकडं गोदामासाठी गेली.

सांगलीतली म्हाताऱ्यांना सांभाळायची ती जागा स्वच्छ होती, जेवण वेळेवर होतं. पुरुषांची इमारत अलीकडं, बायकांची पलीकडं, मधे हिरवळ. पहिल्याच दिवशी मदतनीस बाईनं शालूबाईचा चुडा उतरवला. काच फुटून लागेल, असा नियम होता.

"मालक जित्ता हाय माजा," शालूबाई हात मागं ओढत म्हणाली.

"हो आजी, आहेत हं," ती बाई म्हणाली आणि साबण लावून एकेक बांगडी काढत राहिली. मग शालूबाईच्या खाटेला पाटी लागली, 'पडण्याचा धोका, मदतीशिवाय चालू देऊ नये.' ती उठली की कुणीतरी धावत येऊन तिला बसवी. दर रविवारी तिला चाकाच्या खुर्चीतून कृष्णातकडं नेत. साठ वर्षं रान तुडवलेली बाई मांडीवर हात ठेवून बसून जायची. तिला याचा इतका राग यायचा, की त्याच्यापुढं गेल्यावर ती नुसती चाकं घट्ट धरून बसायची.

कृष्णातला तिथली पोरं उठवून उभा करत. तो दोन पावलं टाके, थांबे, मागं वळून बघे. मागं काही वाजत नसे. "ती येऊ दे की मागनं," असं म्हणून तो उभाच राही. पोरांनी चार दिवस वाट बघितली आणि मग ती त्याला खाटेवरच ठेवू लागली. "मला नुसतं त्यांच्या मागं उभं राहू द्या," शालूबाईनं तीन वेळा सांगितलं. तीनही वेळा ते तिच्या फाईलमधे हट्टीपणा म्हणून लिहिलं गेलं. रविराजचा फोन यायचा तो ऑफिसात, तिच्यापर्यंत नाही. खाटेवर पडून कृष्णातच्या छातीत कफ झाला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं तसंच झालं, असं रविराज फोनवर सगळ्यांना सांगत होता.

अग्नी सांगलीतच दिला. शालूबाईला गाडीतून उतरू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी रविराज तिचं पुढचं ठरवायला आला, आणि ऑफिसमधून तिच्यासाठी खुर्ची ढकलत घेऊन आला.

शालूबाई खाटेवरून उठली. खुर्चीला वळसा घालून ती दारातून बाहेर पडली आणि हिरवळ तुडवत तडक फाटकाकडं निघाली. पावलं लांब पडत होती, चाळीस वर्षांपूर्वी विट्याच्या वाटेवर पडायची तशी. रविराज मागनं पळत आला. फाटकाशी त्यानं तिला गाठलं तेव्हा त्यालाच धाप लागली होती.

"आई, थांब की. पडशील."

"विहीर, कुलूप, लिंबू, घोडा, पाटी," शालूबाई म्हणाली.

रविराजला आधी काही समजलं नाही. मग शिबिरातला तो कागद त्याला आठवला आणि त्याचा चेहरा उतरला.

"तवाच का बोलली न्हाईस?"

"तुजं आबा बसलं हुतं शेजारी."

तिनं हात पुढं केला आणि घराची किल्ली मागितली. रविराजनं उगाच दोन्ही खिसे चाचपले. किल्ली व्यापाऱ्याकडं होती, बोली अकरा वर्षांची होती, हे दोघांनाही माहीत होतं. तो काय बोलतो याची वाट बघत ती फाटकाला हात लावून उभी राहिली.