वीतभर गोधड्या

सत्यभामेला एक खूळ होतं. ते एक दिवस तिच्या जिवावर उठेल असं कुणी सांगितलं असतं, तर ती पोट धरून हसली असती. दुपारची भांडी झाली, सासूचा डोळा लागला, की माजघरात माळवदाच्या झरोक्याखाली बसायचं आणि एक वीतभर गोधडी शिवायची. रोज एक. माप नाही, नक्षी नाही. हाताला लागेल ती चिंधी पहिली, तिच्या शेजारी शोभेल ती दुसरी, आणि सुई जाईल तसा टाका. ऊन कलायच्या आत ती पुरी झालीच पाहिजे, मग वाकडी का होईना. झाली की माजघराच्या भिंतीवर काट्यानं टोचून ठेवायची.

"वीतभर गोधडीत झोपायचं कुणी गं? उंदरानं?" सासू भिमाबाई विचारायची.

"झोपायला न्हाय, आत्याबाई. बघायला."

भिमाबाई कपाळाला हात लावायची. सलग दुसऱ्या साली पावसानं दगा दिलेला, तेरणेच्या पात्रात गुरंसुद्धा फिरकत नव्हती, आणि नवरा मच्छिंद्र लांब साखर कारखान्यावर रखवालीला. असल्या दिवसांत बाईमाणसानं एखादं खूळ पाळलं तर कुणाच्या बापाचं काय जातंय? पण लोक हसतील म्हणून सत्यभामा ती भिंत कुणाला दाखवायची नाही.

चिंध्यांना तोटा नव्हता. गावात बायकांची शिवण सोसायटी निघाली होती. सत्यभामा तिथं काजं-बटणं करायची आणि खाली पडलेलं कातरण घरी आणायची. त्यामुळं गावातल्या घरोघरच्या एकेका झंपराचा, परकराचा तुकडा तिच्या भिंतीवर येऊन बसला होता. पाटलिणीचा हिरवा, कुंभारणीचा ठिपक्यांचा, सगळ्या एका ओळीत.

भिंत पाहिलेली बाहेरची बाई एकच, महानंदा. सोसायटीचे चेअरमन शिवलिंगअप्पा, त्यांची ही सून. लग्नाला चार वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती म्हणून घरात बिचारीला कुणी धड बोलायचं नाही. ती सत्यभामेकडं येऊन भिंतीपुढं गप बसायची. एकदा तिनं पदराखालून जांभळ्या इरकलीचा तुकडा काढला. गोल, वाटीएवढा.

"लग्नातलं हाय, अक्का. विरलंय. तुमच्या भितीवर लावा."

सत्यभामा हरखली. त्या दिवशी तिनं तो जांभळा गोल मधोमध घेतला आणि भोवती नुसत्या पिवळ्या चिंध्या लावल्या. इतकी देखणी तिच्या हातून तोवर झाली नव्हती.

आणि मग टँकरच्या रांगेत बातमी आली.

"अप्पाच्या घरात भानामती झालीया बाई! सुनंच्या पेटीतल्या इरकलीला आपसूक भोकं पडत्यात. वाटीएवढी, गोल. पेटीला कुलूप हाय तरी!"

सत्यभामेच्या हातातली घागर निसटली. तिच्यावर बायका खेकसल्या, पण तिला काही ऐकू गेलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं तेरच्या एसटी थांब्यावरची एक बाई आली होती. त्या बाईवर असाच आळ आला होता. मंत्राला जोर राहू नये म्हणून लोकांनी दगडानं तिचे पुढचे दात पाडले होते. ती पदर तोंडात धरून उभी होती, आणि कंडक्टरनं विचारलं तरी गावाचं नाव तिला नीट सांगता आलं नव्हतं.

सीमेकडनं देवऋषी आला, विरुपाक्षबुवा. त्यानं पारावर बसून सांगितलं, "जिच्या घरात अप्पाच्या घरचं कापड सुईनं टोचलेलं घावंल, तीच ती. उद्या घरोघर झडती घ्यायची."

ऐका आता! एका घरचं कुठलं, अख्ख्या गावाचं कापड सुईनं टोचून सत्यभामेनं भिंतीवर लावलं होतं.

सोसायटीच्या मागं तिनं महानंदेला गाठलं.

"तूच कापलंस ना गं? मला आणून दिलंस, आणि भानामती म्हणून बोंब ठोकलीस?"

महानंदा भिंतीला टेकून खाली बसली. "बोंब म्या न्हाय ठोकली, अक्का. सासूला भोक दिसलं, तीच वरडली. मग म्या गप बसले. पुढची भोकं म्या पाडली."

"का पण?"

"दुसरी बायको बघायला लागले हुते. आता म्हणत्यात, करणी हाय म्हणून पोर न्हाय, पोरीचा काय दोष? चार वर्सांत पहिल्यांदा सासूनं मला ताट वाढून दिलं, अक्का."

"आन माझे दात पाडतील त्येचं काय?"

महानंदेनं पदरात तोंड लपवलं. खरं सांगितलं तर तिची काय गत होईल हे सत्यभामेलाही कळत होतं. नवरा हाकलेलच, पण त्याच्या आधी अप्पा तिला जितं सोडतील की नाही याचाच भरवसा नव्हता. सत्यभामेला तिची कीव आली आणि तिच्या थोबाडीत द्यावीशीही वाटली. दोन्ही न करता ती घरी पळाली.

जाळाव्यात तर कापडाचा वास गावभर जाईल. पुराव्यात तर भुई दगडासारखी, कुदळीचा आवाज चार घरं ऐकतील. विहिरीत टाकाव्यात तर तळाच्या वीतभर पाण्यावर त्या तरंगत राहतील, आणि तेच पाणी सगळे पितात. भिंतीवरून गोधड्या ओरबाडताना तिच्या बोटांत काटे घुसत होते. तेवढ्यात मागं भिमाबाई येऊन उभी राहिली.

सत्यभामेनं रडत रडत सगळं सांगितलं. आता सासू छाती पिटणार, असं तिला वाटलं. भिमाबाईनं तोंडातलं पान थुंकलं.

"रडू नगंस. माझी दोन लुगडी आण. गोधडीत काय भरत्यात? चिंध्याच ना?"

खाली एक लुगडं अंथरलं, त्यावर सगळ्या वीतभर गोधड्या पसरल्या, वरून दुसरं लुगडं. आपल्या दुपारींवर ते लुगडं ओढताना सत्यभामेनं तो जांभळा गोल एकदा बघून घेतला. पण रडायला सवड कुणाला होती? दोघींनी दोन बाजूंनी लांब लांब धावदोरा घातला. कसाबसा. उजाडलं तेव्हा तीन कडा झाल्या होत्या आणि चौथी नुसती टाचली होती.

माणसं आली. पुढं बुवा, मागं शिवलिंगअप्पा, आणि दोन बायांनी धरलेली महानंदा. सत्यभामा दाराआड सरकली. भिमाबाई मात्र पुढं झाली. "या बुवा, बसा," म्हणाली, आणि तीच गोधडी ओसरीवर अंथरली. अरे देवा! त्या म्हातारीचं काळीज कशाचं होतं कोण जाणे.

बुवा ऐसपैस बसला. माणसांनी उतरंडी हलवल्या, कणगीत हात घातले, माजघराच्या भिंतीवरची भोकं बघितली आणि सोडून दिली. ज्याच्यासाठी ही सगळी उलथापालथ चालली होती, तो जांभळा गोल बुवाच्या मांडीखाली होता. महानंदेनं गोधडी बघितली. तिला कळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हितं काय न्हाय," बुवा म्हणाला. "बाधा गावाभाईरची दिसतीया." सत्यभामेला श्वास आला न आला तोच त्यानं गोधडीवरून हात फिरवला. "लई मऊ हाय गं म्हातारे. ही मला दे. देवाच्या नावानं."

भिमाबाईनं सुनेकडं बघितलं. सत्यभामा बघत होती ती टाचलेली कड. बुवाच्या वजनानं तिथले दोन टाके सुटले होते आणि आतली पिवळी चिंधी डोकावत होती. ही गोधडी गावोगाव हिंडणार, कुठंतरी उसवणार, आणि मग हाच माणूस परत येणार.

"बुवा," ती कशीबशी म्हणाली, "टाके राहिल्यात. पुरे करून देते."

"घाल की मग. बसलोय म्या."

तो उठून खांबाला टेकला. सत्यभामेनं सगळ्यांच्या देखत सुई ओवली. दोरा तीनदा भोक चुकला. मोठी गोधडी एकटीनं कुणी शिवत नाही, शेजारणी आपण होऊन बसतात. कुणी हलायच्या आत महानंदा तिला धरणाऱ्या बायांचे हात सोडवून आली आणि समोरच्या टोकाला बसली. "मला पण द्या सुई," म्हणाली. बाधा झालेली पोर कामाला बसली म्हणून लोकांना बरंच वाटलं.

महानंदेनं अंगठ्यानं ती पिवळी चिंधी आत ढकलली आणि वरून टाका घातला. सत्यभामेला वाटलं, ही सुई हिच्याच हातात खुपसावी. पण तोच हात आता तिची गोधडी झाकत होता.

"बारीक घाल," ती ओठातल्या ओठात म्हणाली.

"घालते, अक्का."

चारी कडा झाल्या, मग मधूनही ओळी झाल्या, एकीला लागून एक. ऊन ओसरीवर आलं तरी दोघी थांबेनात. शेवटी बुवाच वैतागला आणि गोधडी ओढून घेतली. दोन्ही हातांनी ताणून बघितली. सत्यभामेनं डोळे मिटले.

"वा! काय टाका हाय!" तो म्हणाला. "ही काय माझ्या हयातीत उसवत न्हाय."

"न उसवो, बुवा," सत्यभामा म्हणाली, आणि त्या माणसापुढं तिनं मनापासून हात जोडले.